मेंढीच्या लेंड्यांतून ब्युटेनॉल: एका एम.एस्सी. प्रकल्पाची हकिकत

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातलं आहे. मी तिथे शिकवते. ओळख पटू नये म्हणून जागा आणि माणसांचे तपशील बदलले आहेत, आणि लागोपाठच्या दोन तुकड्यांचा अनुभव एकाच प्रकल्पात गुंफला आहे. चुका मात्र ज्या क्रमाने झाल्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. त्यातल्या दोन सरळसरळ माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी हातात एक कागद घेऊन आली. २०११ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठातून आलेली ती बातमी होती. डेव्हिड मलिन यांच्या प्रयोगशाळेला प्राण्यांच्या विष्ठेत क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचा एक वाण सापडला होता. त्याचं नाव टीयू-१०३. कागदातल्या सेल्युलोजपासून तो थेट ब्युटेनॉल, म्हणजे इंधन म्हणून चालणारं एक अल्कोहोल, तयार करतो, आणि तेही ऑक्सिजन असताना, असा त्यांचा दावा होता. कच्चा माल म्हणून त्यांनी गावातल्या वर्तमानपत्राचे जुने अंक वापरले होते. मलिन यांच्या सहकाऱ्यांत हर्षद वेलणकर हे नाव होतं, आणि मला वाटतं बातमीपेक्षा त्या आडनावानेच मुलीला जास्त धीर दिला.

"मॅडम, आपल्याकडे रद्दी आहे आणि गोठेपण आहेत. मग आपल्याला का नाही जमणार?"

प्रश्न चुकीचा नव्हता. साखरेपासून ॲसिटोन, ब्युटेनॉल आणि इथेनॉल करणारे जिवाणू काही दुर्मीळ नाहीत. माती, मुळं, चिखल, शेण, कुठेही त्यांचे बिजाणू, म्हणजे कठीण काळात तग धरणारी त्यांची झोपलेली रूपं, पडलेले असतात. या आंबवण्याचा इतिहासही जुना आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला कॉर्डाइट या स्फोटकासाठी ॲसिटोन हवं होतं. ते पिष्टापासून जिवाणूंकडून करून घ्यायची पद्धत काइम वाइझमन या रसायनशास्त्रज्ञांनी दिली. धान्याची टंचाई झाली तेव्हा १९१७ मध्ये तिथल्या शाळकरी मुलांकडून हॉर्स चेस्टनट या झाडाच्या पिष्टमय बिया गोळा करून घेतल्या होत्या. या प्रक्रियेत ॲसिटोन, ब्युटेनॉल आणि इथेनॉल साधारण ३:६:१ या प्रमाणात निघतात. तेव्हा ॲसिटोनसाठी सगळी धडपड होती, आज लोकांना मधला सहा हवा आहे.

कारण ब्युटेनॉल हे इंधन म्हणून इथेनॉलपेक्षा पेट्रोलच्या जास्त जवळचं आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, ब्युटेनॉलमध्ये २७ ते २९, पेट्रोलमध्ये ३२ च्या आसपास. शिवाय ते इथेनॉलसारखं पाणी ओढून घेत नाही.

मी होकार दिला. एक अट घातली: टीयू-१०३ पुन्हा सापडेल ही आशा सोडायची. आपण कोणताही ब्युटेनॉल करणारा जिवाणू शोधतोय, एवढंच.

अडचण नेमकी काय होती

आमच्याकडे ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) होता, इन्क्युबेटर होते, भौतिकशास्त्र विभागाकडून उसना आणलेला नायट्रोजनचा सिलिंडर होता. ऑक्सिजनरहित कक्ष नव्हता आणि मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारा गॅस क्रोमॅटोग्राफ नव्हता. ते यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी होतं, तिथे नमुन्यामागे पैसे पडत. हातात एकूण सहा महिने, त्यात दिवाळी आणि सत्र परीक्षा.

म्हणजे दोन अडचणी उघड होत्या. हे जिवाणू ऑक्सिजनमध्ये वाढत नाहीत, आणि आम्ही हवेत काम करणारी माणसं. दुसरी, शेकडो वसाहतींतून, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेल्या ठिपक्यांतून, ब्युटेनॉल करणारी वसाहत ओळखायची कशी? दिसायला सगळ्या सारख्याच.

तिसरी अडचणही पहिल्या दिवसापासून होती. ती मला दिसली नाही. तिच्याकडे पुढे येईनच.

नमुने कुठून घ्यायचे

आधी आम्ही एका प्राणिसंग्रहालयाला पत्र लिहिलं. झेब्रा, हत्ती, गवा अशी यादी जोडली. उत्तर आलं नाही. त्याचं फार वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं, कारण आसपास भरपूर माल होता आणि मराठीने त्याची वर्गवारी आधीच करून ठेवली होती: गायीम्हशींचं शेण, घोड्याची लीद, शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या. ओलावा वेगळा, चोथा वेगळा. पचनाची तऱ्हाही वेगळी, कारण घोडा रवंथ करत नाही, त्याचा चारा मोठ्या आतड्यात आंबतो.

शेवटी चार ठिकाणं ठरली. एक गोठा, एक जुनी गोबरगॅसची टाकी, साखर कारखान्याजवळचा ऊसतोडणीच्या बैलगाड्यांचा तळ, आणि गावाबाहेर एका शेतात बसवलेली मेंढरं. बैलांचा तळ माझ्या आग्रहाने घेतला. हंगामात त्या बैलांच्या पोटात जवळजवळ फक्त उसाचे वाढे जातात. साखरेचा अंश असलेल्या चाऱ्यावर जगणाऱ्या पोटात साखर आंबवणारे जिवाणू जास्त असतील, असा माझा तर्क होता. तर्क छान होता. त्या नमुन्यांतून आम्हाला कामाचं काहीही मिळालं नाही.

मेंढरांचा नमुना खरं तर वाटेत आला म्हणून घेतला. रब्बीच्या पेरणीआधी शेतकरी धनगरांना शेतात मेंढरं बसवायला सांगतात, लेंड्या आणि मुताचं खत होतं. मुलगी प्लॅस्टिकच्या पिशवीत चमच्याने लेंड्या भरायला लागली तेव्हा मेंढपाळ म्हातारबाबा बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "पोरी, चार पाट्या ने की. एवढ्याशानं काय व्हतंय?"

लीद मात्र मी टाळली. घोड्याच्या लिदेत धनुर्वाताचे बिजाणू असण्याची शक्यता मोठी, आणि आम्ही तर नेमके उष्णतेत टिकणारे, हवेशिवाय वाढणारे बिजाणूच निवडून वाढवणार होतो. शेण आणि लेंड्यांतही धोका शून्य नसतो. म्हणून मुलीला आधी टीटीचं इंजेक्शन घ्यायला लावलं, हाताला कापलेलं असेल त्या दिवशी काम बंद, आणि वापरलेली प्रत्येक बाटली ऑटोक्लेव्ह झाल्याशिवाय मोरीपर्यंत जाणार नाही. हे तीन नियम शेवटपर्यंत पाळले गेले. या प्रकल्पात निर्विवाद बरोबर झालेली गोष्ट कोणती, असं कोणी विचारलं तर मी हीच सांगेन.

पहिला निर्णय: उष्णतेचा झटका

नमुना पाण्यात कालवून ८० अंश सेल्सिअसला १० मिनिटं ठेवायचा, ही जुनी युक्ती. साध्या पेशी मरतात, बिजाणू उरतात. शेणातल्या अफाट गर्दीतून एका फटक्यात क्लॉस्ट्रिडियम आणि बॅसिलस यांसारखे बिजाणू करणारे जिवाणूच मागे राहतात.

दुसरा पर्याय होता झटका न देता थेट कागदाच्या पट्टीवर वाढवण्याचा. मुलीला तो हवा होता, आणि तिचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात सेल्युलोज तोडणारे फायब्रोबॅक्टर, रुमिनोकॉकस यांसारखे प्रमुख जिवाणू बिजाणू करत नाहीत. झटका दिला की ते गेले. म्हणजे कागद खाणाऱ्यांतले पुष्कळसे आपण पहिल्याच पायरीवर मारून टाकतो.

मी झटक्याच्या बाजूने कौल दिला, पण न दिलेल्या नमुन्यांच्या दोन बाटल्या कागदाच्या पट्टीसकट बाजूला ठेवायला सांगितल्या. एवढ्या तडजोडीवर ती गप्प बसली.

हवा बाहेर ठेवणं

विभागात पूर्वीपासून मेणबत्तीची बरणी वापरात आहे. काचेच्या बरणीत पेट्री डिश, वर जळती मेणबत्ती, झाकण घट्ट. मेणबत्ती विझली की मुलांना वाटतं ऑक्सिजन संपला. तो संपत नाही. कमी होतो, आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. अशा बरणीत पहिले दोन आठवडे जे काही वाढलं ते सगळं हवेतही मजेत वाढत होतं.

मग आम्ही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट यांच्या पद्धतीकडे वळलो. माध्यम (जिवाणूंचं खाद्य असलेला द्रव) उकळायचं, नायट्रोजनच्या प्रवाहाखाली थंड करायचं, त्यात उरलासुरला ऑक्सिजन काढायला सिस्टीन घालायचं आणि रेझाझुरिन नावाचा रंग. ऑक्सिजन असेल तर माध्यम गुलाबी, नसेल तर रंगहीन. सिलिंडरच्या नायट्रोजनमध्येही थोडा ऑक्सिजन असतोच, तो काढायला वायू तापलेल्या तांब्याच्या कीसावरून न्यायचा. तांब्याचा कीस आणि नळी तापवायची सोय आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी केली. मामा तिथे माझ्या आधीपासून आहेत. पातळ आगर भरलेली बंद नळी बर्फाच्या लादीवर हाताने फिरवत राहायची, म्हणजे आतून काचेवर आगरचा पातळ थर धरतो आणि त्यात वसाहती उगवतात. हे काम मामांइतकं एकसारखं कोणालाच जमलं नाही. "पापड लाटल्यासारखं आहे," म्हणाले, "एकाच जागी जोर द्यायचा नाही."

सुरुवातीला बाटल्यांना औषधाच्या बाटलीची जुनी रबरी बुचं लावली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बाटल्या गुलाबी. हवा सहसा आत न सोडणारी ब्युटाइल रबरची बुचं मागवली, आठ दिवस गेले.

दुसरा निर्णय: ओळखायचं कसं

ही माझी पहिली चूक.

गॅस क्रोमॅटोग्राफीला पैसे कमी, म्हणून आधी स्वस्त चाचणीने चाळणी लावायची आणि निवडक नमुने यंत्राकडे पाठवायचे असं ठरलं. चाचणी मी सुचवली: आयोडोफॉर्म. आयोडीन आणि अल्कली घालायची, ॲसिटोन असेल तर पिवळा साका आणि जुन्या दवाखान्याचा वास. ॲसिटोन असेल तिथे ब्युटेनॉल असणार, असा हिशेब.

चाचणी सुंदर चालली. जरा जास्तच सुंदर. निम्म्याहून जास्त नळ्या पिवळ्या झाल्या. मुलगी खूश, मीही खूश. एक दिवस रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना चहा पिताना हे सांगितलं, तर ते कप खाली ठेवून म्हणाले, "अहो मॅडम, साधं ब्युटेनॉल आयोडोफॉर्म देतच नाही की! आणि इथेनॉल देतं."

बारावीच्या पुस्तकातली गोष्ट. जे आम्हाला हवं होतं ते या चाचणीला दिसतच नव्हतं, आणि जे नको होतं ते सगळं पिवळं होत होतं: इथेनॉल, आयसोप्रोपेनॉल, अगदी २,३-ब्युटेनडायॉलसुद्धा. बॅसिलसच्या घराण्यातले बरेच जिवाणू हे पदार्थ करतात, आणि तेही बिजाणूवालेच, म्हणजे ८० अंशांतून आमच्यासोबत सुखरूप पार पडलेले. आमच्या पिवळ्या नळ्यांपैकी बहुतेक त्यांच्याच होत्या. एक महिना गेला.

आता तीन वाटा होत्या. सगळ्याच नमुन्यांना यंत्रावर पाठवायचं, पैसे मिळतील तिथून आणून. किंवा वासावर जायचं: या जिवाणूंच्या बाटलीला आधी खवट तुपाचा वास येतो, तो ब्युटिरिक आम्लाचा, आणि पुढे तो बदलून गोडसर, थिनरसारखा होतो. जुने लोक असंच ओळखत असतील. पण शेणातून आलेल्या अनोळखी बिजाणूंच्या बाटल्यांना नाक लावायची परवानगी मी देणार नव्हते. तिसरी वाट सूक्ष्मदर्शकाची. आम्लं करून झाली की हे जिवाणू विद्रावकं, म्हणजे ॲसिटोन, ब्युटेनॉल वगैरे, करायला लागतात, आणि साधारण त्याच सुमाराला पेशी फुगून सिगारसारख्या होतात, आत ग्रॅन्युलोज हा पिष्टासारखा साठा साठतो आणि मग बिजाणू धरतो. आयोडीनचा थेंब टाकला की ग्रॅन्युलोज तपकिरी-जांभळं दिसतं. ही खूण पक्की नाही, पण आयोडोफॉर्मपेक्षा कितीतरी बरी, आणि फुकट.

आम्ही तिसरी वाट घेतली. हवेत न वाढणाऱ्या, पीएच ५ च्या आसपास आणणाऱ्या, फुगीर पेशी दाखवणाऱ्या वसाहतीच पुढे पाठवायच्या. एकूण नऊ नमुने यंत्राकडे गेले.

यंत्राचा निकाल आणि एक फसवं शिखर

आलेख आले तेव्हा नऊपैकी सहामध्ये आयसोप्रोपेनॉलचं शिखर, म्हणजे तो पदार्थ असल्याचा आलेखातला उंचवटा, दिसत होतं. क्लॉस्ट्रिडियम बायजरिन्की या जातीचे काही वाण ॲसिटोनच्या जागी आयसोप्रोपेनॉल करतात हे आम्ही वाचलं होतं, त्यामुळे अर्धा दिवस आनंदात गेला. मग मुलीनेच न लावलेल्या, म्हणजे जिवाणूच न घातलेल्या माध्यमाचा आलेख शोधून काढला. त्यातही तेच शिखर.

सुईने नमुना काढण्याआधी आम्ही प्रत्येक रबरी बूच स्पिरिटच्या बोळ्याने पुसत होतो. ते स्पिरिट आयसोप्रोपाइलचं होतं. ओल्या बुचातून सुई आत गेली की थोडं स्पिरिटही सोबत जात होतं. कोरी बाटली पाठवायचं तिने ठरवलं होतं, मी नव्हे. एका नमुन्याचे पैसे वाचवायचे म्हणून मी ती यादीतून खोडायच्या बेतात होते.

ते शिखर वजा केल्यावर एकच नमुना उरला: मेंढीच्या लेंड्यांतला. त्यात ब्युटेनॉल होतं, ॲसिटोन होतं, ब्युटिरिक आम्ल कमी झालेलं होतं. खात्री करायला त्याच द्रवात थोडं शुद्ध ब्युटेनॉल घालून पुन्हा तपासलं. शेजारी दुसरं शिखर उगवलं नाही, आहे तेच उंच झालं. ग्लुकोजवर लिटरमागे सहा-सात ग्रॅम ब्युटेनॉल मिळत होतं. नावाजलेल्या वाणांच्या निम्म्याने. जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस आरआरएनए जनुकाचा क्रम बायजरिन्कीच्या गोतावळ्यात बसला. त्यावरून नेमकी जात सांगणं धाडसाचं होतं, म्हणून आम्ही "बायजरिन्कीच्या जवळचा" एवढंच लिहिलं.

आणि कागद? कागदाची पट्टी त्याच्या बाटलीत महिनाभर होती तशी राहिली. उलट झटका न दिलेल्या त्या बाजूला ठेवलेल्या बाटल्यांत पट्टीचा आठ दिवसांत लगदा झाला. त्यात वायू भरपूर, आम्लं भरपूर, ब्युटेनॉल अजिबात नाही. कागद तोडणारे एका बाटलीत आणि ब्युटेनॉल करणारा दुसऱ्या. दोघांना एकत्र नांदवायचं ठरवलं असतं तर तो स्वतंत्र प्रकल्प झाला असता. मुलगी दोन दिवस रुसली. मग साखर कारखान्यातली मळी, म्हणजे साखर काढून उरलेला दाट गोड पाक, पातळ करून त्यावर आमचा जिवाणू वाढवायचा असं ठरलं. तो मळीवर चांगला वाढला.

तिसरा निर्णय: जाहीर करायचं का

बातमी विभागाबाहेर गेलीच. एका वरिष्ठांनी निरोप पाठवला की वर्तमानपत्राला टिपण देऊ, मथळाही तयार होता, "लेंड्यांपासून पेट्रोल". मी थांबवलं. कारणं दोन दिली. एक, प्रयोग स्वतंत्रपणे तीनदा झालेला नाही. दोन, हे पेट्रोल नाही आणि नजीकच्या काळात होणारही नाही. ब्युटेनॉल लिटरमागे १२-१३ ग्रॅमच्या पुढे गेलं की जिवाणू स्वतःच्याच मालाने मरायला लागतात. म्हणजे शंभर भागांत सव्वा भाग. मळीच्या इथेनॉलमध्ये यीस्ट शंभरात आठ-दहा भागांपर्यंत जातं. त्यात ब्युटेनॉल ११७ अंशांच्या वर उकळतं, पाण्याच्याही नंतर, त्यामुळे एवढ्या पातळ द्रवातून ते ऊर्ध्वपातनाने काढायला केवढी तरी वाफ जाळावी लागते. आपल्या साखर कारखान्यांच्या आसवन्या पेट्रोलमध्ये मिसळायला इथेनॉल करतात, ब्युटेनॉल नाही, यामागे हे साधं गणित आहे.

वरिष्ठ नाराज झाले. तरी कोणीतरी समाजमाध्यमावर चार ओळी टाकल्याच, आणि एका शेतकऱ्याचा फोन आला की किलोला काय भाव देता.

तिसरी अडचण

पाचव्या महिन्यात मळीचे प्रयोग पुन्हा करायला घेतले. वाढ जोरात, वायू जोरात. यंत्राकडून आलेल्या आलेखात ब्युटेनॉल जवळपास नाहीसं झालं होतं. फक्त ॲसिटिक आणि ब्युटिरिक आम्ल.

माध्यम बदललं, बुचं तपासली, मळी बदलली. पुन्हा ग्लुकोजवर आलो. तिथेही आम्लंच.

या जिवाणूंची ही जुनी खोड आहे. दर दोन-तीन दिवसांनी ताज्या माध्यमात थेंब टाकत, म्हणजे बदल्या करत गेलं की भरभर वाढणाऱ्या पेशी निवडल्या जातात. विद्रावकं करणं आणि बिजाणू धरणं हे सावकाश चालणाऱ्या पेशींचं काम, त्या मागे पडत जातात. क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम या जातीत तर विद्रावकांची मुख्य जनुकं पीएसओएल-१ नावाच्या सुट्या मोठ्या प्लास्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएवर, असतात, तो हरवला की वाण कायमचा आम्लाचा. बायजरिन्कीत ती जनुकं मुख्य गुणसूत्रावर आहेत, त्यामुळे आमच्या बाबतीत नेमकं काय हरवलं हे आम्हाला सांगता आलं नाही. पण ऱ्हास झाला होता हे नक्की. यावरचा उपायही जुनाच आहे: सुरुवातीच्याच वाढीचे बिजाणू निर्जंतुक कोरड्या मातीत किंवा वाळूत धरून ठेवायचे आणि दर प्रयोगाला तिथूनच, झटका देऊन, सुरुवात करायची.

आम्ही तसं केलं नव्हतं. मुलीने पहिल्या वसाहतीपासून सलग बदल्या केल्या होत्या, शिस्तीत, एकही न चुकवता. ती शिस्तच नडली.

आता माझी दुसरी चूक. तिची प्रयोगवही चाळताना आठव्या बदलीच्या पानावर एक ओळ सापडली: "फुगीर पेशी कमी, बिजाणू क्वचित दिसतात." आलेख बिघडायच्या महिनाभर आधीची नोंद. खाली माझी सही आणि तारीख.

आम्ही ज्या खुणेवर वसाहत निवडली होती, तीच खूण नाहीशी होताना तिने टिपून ठेवली होती आणि मी त्यावर सही केली होती. त्या दिवशी थांबलो असतो तर आधीच्या नळ्या अजून फ्रिजमध्ये होत्या. पुढच्याच आठवड्यात जागा करायला म्हणून त्या ऑटोक्लेव्ह झाल्या.

परत मिळवण्याचा प्रयत्न

शेतावर परत जाण्यात अर्थ नव्हता. मेंढरं केव्हाच कोकणात उतरली होती आणि शेत नांगरून झालं होतं. हाताशी होतं ते वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात राहिलेलं लेंड्यांचं पुडकं. मुलीने वजन करून उरलेल्या सहा-सात लेंड्या फेकल्या नव्हत्या, एवढंच आमचं नशीब.

पर्याय दोन. ऱ्हास झालेल्या वाढीलाच पुन्हा पुन्हा उष्णतेचा झटका देऊन त्यातले उरलेसुरले बिजाणू वेगळे करायचे, किंवा सुक्या लेंड्यांपासून सगळं पहिल्यापासून. वेळ पाच आठवडे. मी दोन्ही समांतर चालवायला सांगितलं. पहिल्यातून काही निघालं नाही. ८० अंशांनंतर एकही नळी वाढली नाही, म्हणजे बिजाणू उरलेच नव्हते. दुसऱ्यातून पहिल्या दोन खेपांना नुसती ब्युटिरिक आम्लवाली मंडळी आली. तिसऱ्या खेपेला, झटका ८० ऐवजी ९० अंशांना दिल्यावर, फुगीर पेशींची एक वसाहत मिळाली. तिने ब्युटेनॉल केलं, पहिल्यापेक्षा थोडं कमी.

तोच वाण आहे का? जनुकाचा तो एक क्रम जुळला. तेवढ्यावर "तोच" म्हणता येत नाही, आणि प्रबंधात आम्ही तसं म्हटलं नाही. दुसऱ्या क्रमांकाचा वेगळा विलग (नमुन्यातून वेगळा काढलेला जिवाणू) म्हणूनच त्याची नोंद केली.

निष्पत्ती

प्रबंधाचं शीर्षक बदललं. "सेल्युलोजपासून" हे शब्द गेले. ऱ्हासाचं प्रकरण मुलीने स्वतः हट्टाने घातलं, आठव्या बदलीच्या त्या नोंदीसकट. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत निम्मा वेळ त्याच पानावर घालवला. मी समोरच बसले होते.

दुसऱ्या विलगाचे बिजाणू वाळूत आहेत. मळीवर त्याचे प्रयोग दोनदा झाले, दोन्ही वेळा ब्युटेनॉल मिळालं. तिसरी खेप वेळेत बसली नाही. वर्तमानपत्रात काही छापून आलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच आठवड्यात एक ओळखीचा वाण विकत आणेन. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, अशी ठिकाणं त्यासाठीच असतात. "आपल्याला नवा शोधायचाय, जुना कशाला" असं तेव्हा आम्ही दोघींनी म्हटलं होतं. तो हाताशी असता तर मेणबत्तीची बरणी आणि जुनी बुचं पहिल्या आठवड्यातच उघडी पडली असती, कारण माहीत असलेला वाणसुद्धा त्यात वाढला नसता. आयोडोफॉर्मची चूक मात्र त्याने पकडली नसती. तो ॲसिटोन करतो, त्याची नळीही पिवळीच झाली असती. त्या चुकीसाठी शुद्ध ब्युटेनॉलचे दोन थेंब पुरले असते, आणि ती बाटली रसायनशास्त्राच्या कपाटात, आमच्यापासून एक मजला वर होती.

कोरी बाटली प्रत्येक वेळी यंत्राकडे जाईल, पैसे कमी असले तर नमुना गाळू पण ती नाही. बुचं पुसून पूर्ण सुकू द्यायची, किंवा ज्योतीवरून फिरवायची.

झटक्याबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. ब्युटेनॉल शोधायला तो योग्यच होता. पण मुलगी आली होती ती कागदाचा प्रश्न घेऊन, आणि मी तो प्रश्न पहिल्याच पायरीवर बदलून टाकला. निदान तिला ते तेव्हाच स्पष्ट सांगायला हवं होतं. चार महिन्यांनी पट्टी न विरघळलेली बघून तिला ते कळावं, हे बरं झालं नाही.

वसाहत शुद्ध झाल्याच्या दिवशीच तिचे बिजाणू वाळूत जातील. यंत्राचा निकाल यायच्या आधी. निकाल चांगला आला तर ठेवू, असं म्हणत बसलं की तोवर पाच बदल्या झालेल्या असतात. यंदा दोन मुलं शेळीच्या लेंड्यांवर काम करतायत. मामांनी नदीची वाळू आणून चाळून, धुऊन, दोनदा ऑटोक्लेव्ह करून वीस नळ्या भरून ठेवल्या आहेत, आणि नमुने अजून यायचे आहेत.